मेळघाटात दोन रात्री

हौशी : बेत ठरला आहे. शुक्रवारी रात्री पुण्याहून गाडी, शनिवारी सकाळी बडनेरा. तिथून जीप ठरवायची. अमरावती, परतवाडा करत घाट चढून दुपारपर्यंत चिखलदरा. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड एवढं पाहायचं आणि अंधार पडायच्या आत सेमाडोहला मुक्कामी. रविवारी पहाटे सफारी, मग कोलकासला सिपना नदीच्या काठी थोडा वेळ, हत्तीवरून फेरी, परतताना नरनाळा किल्ला आणि अकोल्याहून रात्रीची गाडी. सोमवारी सकाळी घरी. आम्ही सहा जण आहोत, त्यात दोन लहान मुलं. ताडोबा तीनदा झालं. तिथं वाघ दिसतो, पण वाघाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या पंधरा जिप्सीही दिसतात. मेळघाटात ती गर्दी नाही. डोंगर आहेत, नद्या आहेत, सातपुड्याचं खरं रान आहे. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्रप्रकल्प. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ प्रकल्प निवडले, त्यातला एक. इतकी वर्षं आपण तिकडे गेलो नाही याचंच वाईट वाटतं.

साशंक : जाण्याची इच्छा चांगली आहे. बेत मात्र नकाशा न उघडता केलेला दिसतो. मी परतवाड्यात काही वर्षं राहिले आहे म्हणून सांगते. चिखलदरा डोंगराच्या एका टोकाला आहे आणि नरनाळा दुसऱ्या. नरनाळ्याला अकोटकडून, शहानूरवरून चढायचं असतं. म्हणजे सेमाडोहहून तुम्ही सगळा घाट उतरून परतवाड्याला येणार, अंजनगाववरून अकोट गाठणार आणि पुन्हा डोंगर चढणार. तेही पहाटे उठून सफारी केलेल्या, झोप न झालेल्या मुलांना घेऊन. शनिवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंतचे तास मोजा. त्यातला मोठा भाग जीपमध्ये जाईल. उरलेल्यात जेवणं, झोप, गेटवरची नोंदणी आणि पॉइंटवरची चहाची टपरी. जंगल म्हणून जे काही असतं, त्याच्या वाट्याला दोन-तीन तास येतात. इतक्या तासांत जंगल आपल्याला दिसतं, हे मी मान्य करत नाही. खिडकीतून हिरवा रंग दिसतो, एवढंच.

हौशी : नरनाळा काढतो. पण रजेचं काय? नोकरी करणाऱ्याला वर्षातून असे दोन-तीनच शनिवार-रविवार मिळतात. व्यंकटेश माडगूळकरांसारखं नागझिऱ्यात तळ ठोकून राहणं, मारुती चितमपल्लींसारखं वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाटात आयुष्य काढणं, हे किती जणांना जमणार? बाकीच्यांनी जंगल पुस्तकातच वाचायचं का? थोडा वेळ असेल तर थोडंच पाहू. तांब्याभर पाण्यानंही तहान भागते. आणि मुलांना एकदा वाघ दिसला, तर ती आयुष्यभर विसरणार नाहीत. ते एक दर्शन त्यांना पुढं जंगलाकडे ओढत राहील.

साशंक : आता वाघाचंच बोलू, कारण खरा घोळ तिथं आहे. तुमच्या मनात ताडोबा आहे आणि तिकीट मेळघाटचं आहे. २०२२ च्या गणनेत ताडोबा-अंधारी प्रकल्पात ९७ वाघ नोंदले गेले, मेळघाटात ५७. प्रकल्पाचं क्षेत्र धरलं तर ताडोबा साधारण १७२७ चौरस किलोमीटर, मेळघाट २७६८. म्हणजे ताडोबात सरासरी १८ चौरस किलोमीटरला एक वाघ पडतो, मेळघाटात ४९ ला. ही नुसती भागाकाराची सरासरी आहे, वाघ काही जमीन सारखी वाटून राहत नाही. पण अंदाज येतो. त्यात ताडोबाची जमीन बरीचशी सपाट, तळ्यांची, रस्त्यांच्या जाळ्याची. मेळघाट म्हणजे चढ आणि दरी. सागाचं कोरडं रान, सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार अशा नद्यांनी चिरलेलं. शिकार विरळ, म्हणून वाघाचा इलाखा मोठा. तुमच्या जीपचा रस्ता त्या इलाख्याला एखाद्या धाग्यासारखा स्पर्शून जातो. एका सफारीत वाघ दिसणं हा तिथं निव्वळ योग आहे. मुलांना वाघ दाखवतो म्हणून नेलंत आणि दिसला नाही, तर ती काय शिकून येतील? या जंगलात काही नाही, हेच.

या मुद्द्यावर हौशी माणूस थोडा वेळ गप्प राहतो. हे प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचं वाटतं. मेळघाटला जाऊन आलेले कितीतरी लोक हेच वाक्य बोलतात की तिथं काही नाही. गवा, अस्वल, रानकुत्री, सांबर, भेकर, चौसिंगा, बिबट्या ज्या जंगलात राहतात, त्याबद्दल हे वाक्य सहज उच्चारलं जातं, कारण निघताना मनात एकाच प्राण्याची जागा राखून ठेवलेली असते.

हौशी : बरं, वाघ काढला. मग काय धरून जायचं ते सांगा. कारण नुसतं जंगलात जायचं आहे म्हणून मुलांना उठवता येत नाही. माणसाला शोधायला काहीतरी लागतं. मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे : रानपिंगळा. त्याची हकिगत मला वाघापेक्षा मोठी वाटते. १८७२ मध्ये या घुबडाचा पहिला नमुना मिळाला, पुढच्या वर्षी पक्षी अभ्यासक ह्यूमनं त्याचं वर्णन छापलं. १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसननं शेवटचा नमुना घेतला आणि त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. सालिम अलींसह अनेकांनी शोधलं. पण शोधणाऱ्यांच्या हाती एक खोटा पत्ता होता. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्यावर लेबल होतं १९१४ चं, गुजरातेतल्या मांडवीचं. पक्षी अभ्यासक पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला आणि दाखवून दिलं की तो संग्रहालयातूनच चोरलेला जुना पक्षी आहे, लेबल बनावट आहे. तो पत्ता बाजूला ठेवून त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पक्षी समोर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! पुढं तो मेळघाटातही मिळाला आणि आज मेळघाट हा त्याचा मोठा आधार आहे. तो दिवसाही वावरतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. दहा वर्षांच्या मुलाला हे ओळखता येतं. वाघाला जिप्सी लागते, या पक्ष्याला सकाळची शांतता आणि दुर्बीण पुरते.

साशंक : ही हकिगत तुम्ही सांगितलीत ते फार बरं झालं, कारण तिच्यात तुमच्या पहिल्या बेताचं दुखणं आहे. इतके हुशार लोक चुकले ते पक्षी दुर्मीळ होता एवढ्यामुळेच नव्हे, लेबल खोटं होतं म्हणूनही. मेळघाटावर आपण ‘वाघ’ असं लेबल लावलं आहे, चिखलदऱ्यावर ‘पॉइंट’ असं. ते लेबल वाचत आपण फिरतो. पण रानपिंगळ्याबद्दल माझी वेगळी भीती आहे. तो पाहायला जाणारा प्रत्येक जण दुर्बीण घेऊन गप्प बसत नाही. मोबाइलवर त्याच्या हाकेचं रेकॉर्डिंग वाजवतात. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा आला. तो खाणं सोडून, अंडी सोडून समोर येऊन बसतो आणि कॅमेऱ्यांचा पाऊस पडतो. एका माणसाला दहा मिनिटांचं सुख मिळतं. पण सुटीच्या हंगामात रोज कुणी ना कुणी हेच करू लागलं, तर त्या जोडीनं पिल्लं कधी वाढवायची? २०१८ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला, म्हणजे एक पायरी सुधारला. पण जो पक्षी ११३ वर्षं आपल्या वाटेला आला नाही म्हणून टिकला, त्याला आता आपल्या प्रेमातून वाचवायचं आहे.

हौशी : हा आक्षेप रेकॉर्डिंगवर आहे, जाण्यावर नाही. मी वाजवणार नाही. गाइडलाही गाडीत बसण्याआधीच सांगेन, की पक्षी आपणहून दिसला तर पाहू. बहुतेक गाइड मनानं वाईट नसतात. पाहुण्याला काही दिसलं नाही तर तो नाराज होईल, ही भीती त्यांना असते. ती भीती पाहुण्यानंच काढायची असते.

साशंक : हे तुम्ही कराल. तुमच्या मागच्या जीपमधला करेल का? ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं, ते आठवा. वाघीण आणि तिची पाच पिल्लं रस्त्यावर, आणि दोन्ही बाजूंनी सफारीच्या गाड्या. बातम्या आल्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमधला प्रत्येक पाहुणा स्वतःला निसर्गप्रेमीच म्हणवत असणार. एकटा माणूस शहाणा असतो, पण वाघीण समोर आली की गाड्यांची झुंड होते. म्हणून मला वाटतं, काही जंगलांना आपलं न जाणं हीच आपली भेट. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं, गाभ्याच्या जास्तीत जास्त २० टक्के भागापुरतं, अशा मार्गदर्शक तत्त्वांसह. त्या अडीच-तीन महिन्यांत वाघांचं काही अडलं नाही.

हौशी : वाघांचं अडलं नाही, गेटवरच्या माणसांचं अडलं. गाइड, ड्रायव्हर, जेवण करून देणाऱ्या बाया, सगळ्यांचं. आणि दुसरी गोष्ट. जंगल कुणी पाहिलंच नाही, तर त्याच्यावर संकट आलं तेव्हा बोलणार कोण? अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे मेळघाटाच्या पोटातून जायची, २०१७ च्या सुरुवातीला ती बंद झाली. ब्रॉडगेज त्याच जागेवरून न्यायचा आग्रह होता. अंतर कमी, मार्ग आधीचाच, म्हणून ते सोयीचंही होतं. तरी लोक लढले. वन्यजीव अभ्यासक, कार्यकर्ते, त्या जंगलात फिरलेली माणसं. शेवटी मार्ग प्रकल्पाबाहेरून न्यायचं ठरलं. त्या माणसांनी सिपनेच्या काठावर कधी पाय ठेवला नसता, तर ती इतकी वर्षं कागद घेऊन फिरली असती का? बंद दाराआड ठेवलेलं जंगल सुरक्षित असतं असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, ज्याला कुणी ओळखत नाही ते मुकाट्यानं जातं.

साशंक : हे मात्र मला मानावं लागेल. रेल्वेचा मुद्दा खरा आहे. पण ओळखणं म्हणजे काय? तुम्ही आतापर्यंत वाघ, घुबड, नदी, किल्ला सगळं घेतलंत. एक नाव घेतलं नाहीत. मेळघाट कोरकूंचा आहे. त्यांच्या भाषेत कोरकू म्हणजे माणसं. त्यांची बोली मराठीच्या किंवा गोंडीच्या घरातली नाही, ती संथाळी, मुंडारीच्या कुळातली आहे. वाघाला ते कुला म्हणतात, कुलामामा म्हणतात. उरलेल्या महाराष्ट्राला मेळघाट आठवतो तो कुपोषणाच्या बातमीपुरता किंवा वाघापुरता. १९९३ च्या बालमृत्यूंनंतर सगळीकडे गाजावाजा झाला, समित्या झाल्या. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे त्याच्या आधीपासून काम करत होते. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या कितीकांनी बैरागड नकाशावर पहिल्यांदा शोधलं. आणि हे गाभा क्षेत्र ‘निर्मनुष्य’ आहे म्हणून तुम्हाला जे आवडतं, ते निर्मनुष्य कसं झालं? कोहा, कुंड, बोरी ही गावं उठवून अकोटकडे नेली. पुढं आणखी गावं हलली. कुटुंबामागं दहा लाख, आता पंधरा लाख. काहींना ते बरं वाटलं, कारण दवाखाना, शाळा, रस्ता जवळ आला. काहींना नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसन झालेले गावकरी, सांगितलेलं मिळालं नाही म्हणून जंगलातल्या जुन्या जागी परत गेले आणि वनकर्मचाऱ्यांशी त्यांचा संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जिथं गावं होती तिथं आता गवताळ मैदानं झाली आहेत. त्यावर हरणं चरतात. सफारीची गाडी तिथं थांबते आणि गाइड म्हणतो, इथं प्राणी हमखास दिसतात. तो पूर्वी कुठल्या गावचा होता, हे विचारलंत तर तुम्हाला अर्धा मेळघाट कळेल.

इथं वाद पर्यटनाच्या बेतापासून फार लांब गेला असं कुणाला वाटेल. लेखकाला तसं वाटत नाही. दोन रात्रींच्या बेतात कुठं राहायचं आणि कुणाच्या हातचं जेवायचं हा पहिला प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर याच इतिहासातून येतं.

हौशी : मग राहण्याचंच ठरवू. चिखलदऱ्याच्या हॉटेलात उतरलो तर पैसा तिथंच राहील, काही मालकांचा तर शहरात जाईल. तिथं काचेचा मोठा स्कायवॉक उभारायचं काम चाललं आहे. तो झाला की गर्दी आणखी वाढेल, आणि त्या गर्दीला जंगलाची गरज नसेल, दरीची असेल. चिखलदरा वाईट नाही. विदर्भातलं ते एकुलतं थंड हवेचं ठिकाण, अकराशे मीटरच्या वर, कॉफी पिकते. पण ती वेगळी सहल आहे. मी ती कधीतरी पावसाळ्यात करेन, गाभा क्षेत्र बंद असतं तेव्हा. या खेपेला एक दिवस वाढवून सेमाडोह किंवा कोलकास, वनखात्याच्या निवासात, दोन्ही रात्री एकाच जागी. जेवण तिथल्याच बायांकडून. एक सफारी. बाकी वेळ नदीच्या काठी, परवानगी असेल तेवढ्या वाटेवर, स्थानिक गाइडबरोबर पायी. आणि येताना एक थांबा : पायविहीर.

साशंक : पायविहीरचं नाव तुम्ही घेतलंत!

हौशी : घेतलं, कारण तुम्ही म्हणता तो प्रश्न तिथल्या लोकांनी वेगळ्या तऱ्हेनं सोडवला आहे. मेळघाटाच्या पायथ्याचं छोटं गाव. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा हाती आलेली जमीन बरीचशी उजाड होती. त्यांनी ती राखली, झाडं लावली, पाणी अडवलं, गावाची सीताफळं ग्रामसभेच्या नावानं बाजारात पाठवली. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. मुलांना मला हे दाखवायचं आहे, की माणूस हटवून जंगल वाचवण्याची एक रीत आहे आणि माणसाच्या हाती देऊन वाचवण्याची दुसरी.

साशंक : दाखवा. पण पायविहीरचं उदाहरण देऊन गाभ्याचा प्रश्न सुटत नाही. उजाड जमिनीवर रान परत आणणं वेगळं आणि वाघिणीनं पिल्लं ठेवलेल्या दरीत गाव असणं वेगळं. दोन्ही रीती एकाच ठिकाणी चालतील असं मी म्हणणार नाही, आणि एक बरोबर, एक चूक असंही म्हणणार नाही. मला एवढंच कळतं, की बाहेरून आलेल्या माणसानं निदान दोन्हीकडे पाहावं. आणि आता एक गोष्ट माझ्याकडून. तुम्हाला जंगलात बसायचंच असेल, तर जीप सोडा आणि बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसा. पूर्वी त्या रात्री पाणवठ्यांवर प्राणी मोजत. आता वाघांची गणना कॅमेरा ट्रॅपवर चालते, मचाणावरची नोंद शास्त्रीय आकड्यात धरत नाहीत. ती रात्र आता निसर्गानुभव म्हणून असते. वैशाखात साग उघडा असतो, खाली सागपानाचा थर. सांबराचं पाऊल पडलं तरी लांबून ऐकू येतं. अस्वल पाण्यावर आलं की श्वास ऐकू येतो. तुम्ही हलायचं नाही, बोलायचं नाही. सगळी रात्र जंगल तुमच्याकडे येतं, तुम्ही त्याच्या मागं धावत नाही. कुणालाच मी मेळघाटला जा म्हणत नाही, पण विचारलंच तर हे सांगते.

हौशी : तुम्हीच सकाळपासून मला अडवताय आणि तुम्हीच मचाण सांगताय. पण मचाण माझ्या मुलांना चालणार नाही. लहान मुलांनी रात्रभर गप्प बसायचं, मे महिन्यातल्या उकाड्यात? जागा मोजक्या, नोंदणी सुरू होताच संपतात. ज्याला जंगल आधीच आवडतं, त्याच्यासाठी ती रात्र आहे. ज्याला अजून आवडायचं आहे, त्याला मी कुठून सुरुवात करू देऊ? माझी मुलगी मला विचारते, वाघ दिसेल ना? तिला नाही म्हणून नेऊ, की बघू म्हणून नेऊ?

साशंक : नाही म्हणून न्या.

हौशी : नाही म्हटलं तर ती येणारच नाही.

साशंक : मग तिला रानपिंगळ्याच्या चोराची गोष्ट सांगा आणि तो बिनठिपक्यांच्या डोक्याचा पक्षी शोधायचं काम द्या. आणि तोही दिसला नाही तर दिसला नाही असं वहीत लिहायला सांगा, तारीख आणि वेळ घालून. पक्षी अभ्यासकाच्या लेखी तीही नोंदच असते. तिच्यासाठी रेकॉर्डिंग वाजवायचा मोह तुम्हाला होईल. तिचा उतरलेला चेहरा बघून गाइडही म्हणेल, एकदाच वाजवू. तेव्हा काय कराल, ते आत्ताच ठरवा, तिथं गेल्यावर नको.

हौशीनं यावर वचन दिलं नाही. वाजवणार नाही, असं त्यानं आधी म्हटलं होतं, पण मुलीचा चेहरा मध्ये आल्यावर तो तितका ठाम राहिला नाही. साशंकही अखेरपर्यंत सोबत यायला तयार झाली नाही. हिवाळ्यात गर्दीच्या सुट्या सोडून आडवारी जा, अंधार पडल्यावर घाटातून गाडी हाकू नका, वानरांना काही खायला घालू नका, एवढं मात्र तिनं आवर्जून सांगितलं. मेळघाटला निघालेल्या वाचकांनीही एवढं ऐकावं.

हौशीनं सोमवारची रजा टाकली आहे. कागदावरून नरनाळ्याचं आणि हत्तीच्या फेरीचं नाव खोडलं आहे. पायविहीरचं लिहिलं आहे. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही.